निवड म्हणजे नशीब नव्हे: घरसभेत रोमकरांस ९ कसं घ्यावं

कोल्हापुरात देवाच्या निवडीवर, म्हणजे कोण तरणार हे देवच निवडतो या बायबलच्या शिकवणीवर, घरसभा (घरी जमून बायबलचा अभ्यास) घ्यायची तर पहिली अडचण शास्त्रातली नसते, मराठीतली असते. ‘जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलं’ (इफिस १:४) एवढं वाचलं की निम्म्यांच्या मनात सटवाई येते. कपाळी लिहून गेली, आता पुसणार कोण? म्हणून ‘नशीब’ आणि ‘प्रारब्ध’ हे शब्द सुरुवातीलाच बाजूला काढा. सटवाईच्या लिखाणाला ‘का?’ विचारता येत नाही. इथे निवडणारा देव बोलतो, बोलावतो, आणि माणसाकडून जबाब मागतो.

दोन बैठका ठेवा, सव्वा-सव्वा तासाच्या. एकीत उरकलात तर लोक अर्धवट घेऊन घरी जातात.

पहिल्या बैठकीत बायबलच्या निर्गम पुस्तकाचे अध्याय ७ ते ११ आणि दोन रंगांच्या पेन्सिली. फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, स्वतः मन कठीण केलं तिथे लाल (८:१५, ८:३२, ९:३४), परमेश्वराने केलं तिथे निळी (९:१२, १०:२०, १०:२७, ११:१०). नुसतं ‘मन कठीण झालं’ असेल ते कोरं सोडा. कुणीतरी हमखास ४:२१ काढेल, की त्याचं मन मी कठीण करीन असं देवाने आधीच सांगून ठेवलं होतं. दडपू नका, खरं आहे ते. तरीही ९:२७ मध्ये फारो स्वतःच म्हणतो, मी पाप केलं.

दुसऱ्या बैठकीत रोम ९, म्हणजे रोमकरांस पत्राचा नववा अध्याय. नेहमीची चूक म्हणजे ९:२१ मधल्या, एकाच मातीतून हवं ते भांडं घडवणाऱ्या कुंभारापाशी थांबणं. शाहूपुरीची कुंभार गल्ली पाहिलेला माणूस लगेच विचारतो, मातीला कुठे मन असतं? तेव्हा यिर्मया १८:७-८ उघडा: कुंभाराच्याच दाखल्यात राष्ट्र वळलं तर देवही अरिष्ट आवरतो. मग न थांबता रोम १०:१३-१४ वाचा. हाक मारणारा प्रत्येकजण तरेल, पण ऐकलंच नाही तर हाक कशी मारणार?

इथल्या जुन्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या. त्यांच्या परंपरेतली १६४६ ची वेस्टमिन्स्टर कबुली (विश्वासाची लेखी मांडणी) तिसऱ्या अध्यायात दोन्ही टोकं धरते: सगळं देवाने नेमलेलं, तरी तो पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती नाही. ही गाठ कशी बसते ते कबुली उलगडत नाही. तुम्हीही उलगडल्याचा आव आणू नका. पूर्वज्ञानाकडे (रोम ८:२९), म्हणजे कोण विश्वास ठेवेल हे देवाला आधीच ठाऊक होतं म्हणून त्याने निवडलं याकडे, बोट दाखवणारे आले तर हा वाद शतकानुशतकं चालू आहे एवढं सांगून पुढे सरका.

‘माझा पोरगा निवडलेला नसेल तर?’ हा प्रश्न बहुधा चहाच्या वेळी, हळू आवाजात येतो. निवडलेल्यांची यादी आपल्यापैकी कुणाच्याच हातात नाही. योहान ६:३७ संपूर्ण वाचा, अर्धं नाही: पिता देतो ते येतात, आणि येणाऱ्याला तो घालवून देत नाही. मग त्या पोराचं नाव घेऊन प्रार्थना करा.