अपुरा अर्ज हातात येतो तेव्हा: प्रोव्हायडर एनरोलमेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ऐरोली, मालाड, ठाणे या भागांत रात्रपाळीत चालणाऱ्या कित्येक ऑफिसांमधून अमेरिकेतल्या डॉक्टरांची कागदपत्रं हलत असतात. मेडिकल बिलिंग आणि कोडिंग आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, प्रोव्हायडर एनरोलमेंट मात्र मुलाखतीला येणाऱ्यांनाही फारसं माहीत नसतं. तिकडच्या डॉक्टरने मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा, पेशंट तपासला, तरी मेडिकेअरकडे त्याची नोंदणी नसेल तर पैसे येत नाहीत. ती नोंदणी करून देणं हे आपलं काम. मी यात बरीच वर्षं आहे आणि आता नव्या बॅचना शिकवते. बी.कॉम., बी.एस्सी., बी.फार्म., बीएचएमएस, सगळीकडची मुलं येतात आणि सगळ्यांच्या वाट्याला पहिल्या आठवड्यापासून अपुरे अर्ज येतात. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

अर्ज अपुरा राहिला तर वेळ जातो, एवढंच नव्या मुलांना वाटतं. खरं नुकसान होतं ते तारखेचं. डॉक्टर किंवा ग्रुपची नोंदणी ज्या दिवसापासून लागू होते, ती तारीख दोन गोष्टींवरून ठरते: मंजूर झालेला अर्ज कधी दाखल झाला आणि त्या ठिकाणी काम कधी सुरू झालं. यातली जी नंतरची, ती धरतात. अटी पूर्ण होत असतील तर त्यामागच्या ३० दिवसांपर्यंतचं बिल करता येतं, त्यापलीकडे नाही. समजा, अर्ज ३ मार्चला गेला आणि डॉक्टरने १० मार्चला काम सुरू केलं. त्रुटी वेळेत भरल्या गेल्या नाहीत म्हणून अर्ज रिजेक्ट झाला आणि नवा अर्ज २ मे रोजी दाखल झाला. आता मागे जाऊन जास्तीत जास्त २ एप्रिलपर्यंतच पोहोचता येतं. १० मार्च ते १ एप्रिल या काळात तपासलेल्या मेडिकेअर पेशंटचे पैसे गेले. छोट्या गावात एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरसाठी ही रक्कम लहान नसते. स्क्रीनवर आपल्याला फक्त एक रिकामा रकाना दिसतो, पण त्याच्यामागे कुणाचे तरी पगार थांबलेले असतात.

अर्ज तपासतात ते मेडिकेअरचे कॉन्ट्रॅक्टर. आपण त्यांना मॅक म्हणतो. कॅलिफोर्नियाला नोरिडियन, टेक्सासला नोव्हिटास, नॉर्थ कॅरोलिनाला पाल्मेटो, असं राज्यांप्रमाणे वाटप आहे. काही कमी असलं की मॅककडून डेव्हलपमेंट रिक्वेस्ट येते आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवार धरून. ते मॅकने पत्र पाठवल्यापासून मोजतात, आपल्या क्यूमध्ये केस पडल्यापासून नाही. आणि मागितलेल्या पाचपैकी चार गोष्टी पाठवल्या तर अर्ज अपुराच राहतो. डॉक्टरकडून प्रामाणिकपणे प्रयत्न चालू असतील तर मुदत वाढवून मिळू शकते, पण तो त्यांचा निर्णय आहे, आपला हक्क नाही. रिजेक्शनवर, म्हणजे अपुरा राहिला म्हणून अर्ज फेटाळला तर, अपील करता येत नाही. डिनायलवर, म्हणजे तपासून नोंदणीच नाकारली तर, येतं. हा फरक पहिल्याच दिवशी पक्का करा.

ही पत्रं जातात ती अर्जात दिलेल्या संपर्क व्यक्तीच्या ईमेलवर. क्लिनिकमधून सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा पत्ता तिथे असेल तर पत्र कुणालाच मिळत नाही आणि दिवस मात्र मोजले जातात. म्हणून अर्ज उघडला की मी सगळ्यात आधी तो रकाना बघायला लावते.

त्यानंतर पूर्ण अर्ज वाचायचा. पहिली त्रुटी दिसली की लगेच क्लिनिकला मेल टाकायचा मोह होतो, टार्गेट समोर असतं. तसं करू नका. आज लायसन्सची प्रत मागितली, परवा बँकेचं पत्र, पुढच्या आठवड्यात सही, असं झालं की समोरची प्रॅक्टिस मॅनेजर वैतागते आणि तिसऱ्या मेलपासून उत्तरच देत नाही. जात पडताळणीसाठी आईवडिलांबरोबर फेऱ्या मारलेल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही. सगळ्या त्रुटी एकदम कळल्या असत्या तर, हे त्यांनी स्वतः म्हटलेलं असतं.

वाचताना सगळ्यात जास्त वेळ नावावर द्या. संस्थेचं कायदेशीर नाव अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, कागदावर जसं आहे तसंच अर्जात, एनपीआयच्या (तिकडच्या डॉक्टर-संस्थांच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या) नोंदीत आणि बँक खात्यावर हवं. तो कागद म्हणजे सीपी-५७५. क्लिनिकला तो सापडत नसेल तर आयआरएसकडून १४७सी पत्र मिळतं, पण ते क्लिनिकच्या अधिकृत माणसानेच मागायचं असतं, आपण नाही. पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या सरकारी संस्थेचा सीएमएस-५८८ फॉर्म लागतो आणि त्याला व्हॉइड (रद्द केलेला) चेक किंवा बँकेचं पत्र जोडतात. चेकवर डॉक्टरचं वैयक्तिक नाव आणि अर्जात एलएलसीचं, म्हणजे त्याच्या कंपनीचं, असेल तर केस परत आपल्या टेबलावर येणार हे नक्की. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर बाईंच्या लायसन्सवर एक आणि एनपीआयवर दुसरं नाव, हेही वरचेवर दिसतं. प्रॅक्टिस लोकेशनच्या जागी पोस्ट बॉक्सचा पत्ता दिलेलाही चालत नाही.

आता एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते. उत्तर उघड दिसत असलं तरी रिकामा रकाना स्वतः भरू नका. विशेषतः पूर्वी कधी लायसन्सवर कारवाई झाली का, शिक्षा झाली का, हे विचारणारा भाग. बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं म्हणून तुम्ही ‘नाही’ टिक केलं आणि या डॉक्टरच्या बाबतीत ते खोटं निघालं, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका त्याच्यावर येतो. खाली सही त्याची असते. सहीसुद्धा त्याचीच हवी. ८५५आय या वैयक्तिक अर्जावर डॉक्टरऐवजी दुसऱ्या कुणी सही केलेली चालत नाही, ऑफिस मॅनेजरनेही नाही. पेकोस या मेडिकेअरच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत ई-सहीची लिंक डॉक्टरच्या ईमेलवर जाते आणि तिथे हमखास अडकते, कारण ते मेल स्पॅममध्ये पडलेलं असतं. फोन करून ‘स्पॅम बघा’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ केसेस सुटतात.

मागणीचा मेल लहान असावा. कोणता कागद, का हवा, कोणत्या तारखेपर्यंत. मॅकची शेवटची तारीख लिहा आणि तुमची तारीख त्याच्या बरीच आधीची ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबर साध्या मेलवर कधीही मागू नका, सुरक्षित पोर्टलचीच लिंक द्या.

फोनची वेळ सांभाळली तर अर्धं काम होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ झालेले असतात, कॅलिफोर्निया मात्र झोपलेलं असतं. तिथल्या क्लिनिकला आपल्याकडच्या रात्री साडेनऊनंतर लावा, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहानंतर. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला तर व्हॉइसमेलच मिळतो. बोललात त्या व्यक्तीचं नाव, वेळ आणि तिने काय कबूल केलं हे त्याच क्षणी नोट्समध्ये टाका, कारण उद्या तुमचा वीकली ऑफ असेल आणि केस दुसऱ्या कुणाकडे जाईल. ‘फॉलो-अप केला’ एवढ्या नोटने त्या माणसाला काहीही कळत नाही.

मंजुरीचं पत्र आलं की केस बंद करण्याआधी त्यावरची लागू तारीख वाचा आणि दाखल तारखेशी ताडून बघा. ती चुकीची वाटली तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत पुनर्विचार मागता येतो.

मुलाखतीला येणाऱ्यांसाठी एवढंच: ८५५आय आणि ग्रुप किंवा क्लिनिकसाठीचा ८५५बी हे फॉर्म सीएमएसच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. प्रिंट काढा, सुरुवातीच्या सूचना वाचा आणि एका काल्पनिक डॉक्टरसाठी पेन्सिलने भरून बघा. जिथे अडाल तिथे खूण करा आणि ते प्रश्न घेऊन या. मला मुलाखतीत तेच ऐकायला आवडतात.