नौदलाच्या वॉरगेममध्ये जहाजांच्या नोंदी कशा ठेवाव्यात आणि टेबल मोकळं कसं राखावं

नौदलाचा वॉरगेम म्हणजे जहाजांची छोटी मॉडेल, फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर खेळलेली समुद्री लढाई. त्यात चार जहाजांचा साधा सामना तिसऱ्या टर्नलाच (फेरीलाच) रखडतो, तेव्हा दोष नियमांना दिला जातो. बहुतेक वेळा नियम बिचारे ठीक असतात. टेबलावर जहाजं कमी आणि बाकीचं सामान जास्त झालेलं असतं: नुकसान दाखवायला ठेवलेले फासे, वेगाच्या चिठ्ठ्या, मोजपट्ट्या, चहाचे कप. नोंदीच्या कागदावर खाडाखोड इतकी, की कुठलं टरेट (तोफांचा फिरता बुरूज) कधी बंद पडलं हे दोघांनाही सांगता येत नाही.

एकच कसोटी लावा. समोरच्या जहाजावरच्या कॅप्टनला दुर्बिणीतून जे दिसलं असतं तेवढंच टेबलावर: जहाज, धूर, आग, गोळे पडून उसळलेलं पाणी. बाकी सगळं कागदावर. टॉर्पेडो हा एकमेव अपवाद, त्याचं पुढे येतंच.

उदाहरणाला १३ डिसेंबर १९३९ ची रिव्हर प्लेटची लढाई घेऊ. एका बाजूला जर्मन 'अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे', दुसऱ्या बाजूला 'एक्झेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' या ब्रिटिश बाजूच्या तीन क्रूझर (मध्यम आकाराच्या युद्धनौका). यातली 'अकिलीस' १९४८ साली भारताने घेतली आणि तिची 'दिल्ली' झाली, त्यामुळे आपल्याकडे हा सामना लावायला निमित्त शोधावं लागत नाही.

१. पाणी

निळी चादर नको, सुरकुत्यांवर जहाजं कलतात. सहा बाय चार फुटांचा निळा फ्लेक्स छापून घ्या. नाशिकमध्ये चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, छापणाऱ्यांना तोटा नाही. फक्त मॅट सांगा, चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट पडली की डोळे जातात. दर ३० सेंटिमीटरला पुसटशी रेघ आणि कडेला अक्षरं-आकडे छापून घ्या. ठेवताना गुंडाळायचा. घडी घातली की कायमची रेघ पडते.

२. जहाजावर नंबर

प्रत्येक जहाजाच्या बेसवर, पिछाडीच्या कडेला, एक नंबर. तोच नंबर नोंदीच्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात मोठा. दोन्ही बाजूंत मिळून एकही नंबर दोनदा येता कामा नये. एक, दोन, तीन ब्रिटिश आणि अकरा जर्मन, असं काहीही चालेल. 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' एकाच वर्गातल्या, तीन फुटांवरून सारख्याच दिसतात, आणि एकीचं नुकसान दुसरीच्या कागदावर चढतं ते इथेच.

१:२४०० या प्रमाणात 'ग्राफ श्पे' पावणेआठ सेंटिमीटरची होते, तेव्हा नऊ बाय दोन सेंटिमीटरचा बेस पुरतो. साइनबोर्डवाल्यांकडे दोन मिलिमीटर अ‍ॅक्रेलिकचे तुकडे पडलेले असतात, ते मागून आणा. नावाचे झेंडे काठीवर लावू नका. मोजपट्टी अडकते आणि चार झेंडे दिसले की समुद्राची जत्रा होते.

३. नोंदीचा कागद

ए-फाइव्ह आकार, १०० जीएसएमचा कागद, टू-बी पेन्सिल, खाली परीक्षेचं पॅड. पावसाळ्यात ७० जीएसएमचा कागद ओल धरतो आणि पेन्सिलने फाटतो. लॅमिनेट करून व्हाइटबोर्ड मार्करने लिहा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो वाईट आहे. मनगट घासलं की अर्धं नुकसान पुसलं जातं आणि जहाज आपोआप दुरुस्त होतं. मोबाइलवरचं अ‍ॅपही तसंच: सहा जहाजं एका स्क्रीनवर मावत नाहीत आणि समोरच्याला डोकावून खात्री करता येत नाही.

कागदावर फक्त बदलणाऱ्या गोष्टी हव्यात. चिलखताची जाडी, तोफांचा पल्ला, भेदनक्षमता हे खेळभर बदलत नाही, ते दोघांसाठी एका तक्त्यावर लावून भिंतीला चिकटवा. जहाजाच्या कागदावर वरून खाली असं:

वरच्या ओळीत नंबर, नाव, मूळ वेग. त्याखाली टरेटची घरं, नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) पिछाडीकडे, त्यांच्या खऱ्या अक्षरांनी. 'एजॅक्स'ला ए, बी, एक्स, वाय अशी चार, प्रत्येकात सहा इंची दोन तोफा. 'एक्झेटर'ला ए, बी आणि वाय अशी तीन, प्रत्येकात आठ इंची दोन. 'ग्राफ श्पे'ला पुढे एक, मागे एक, प्रत्येकात ११ इंची तीन. "तोफा: ८" असं एकत्र लिहू नका. कोणतं टरेट कुठल्या दिशेला मारू शकतं यावरच अर्धा खेळ चालतो. मग हलची, म्हणजे जहाजाच्या धडाची, घरं पाच-पाचच्या गटात, आणि वेग जिथे घटतो तिथे जाड उभी रेघ, रेघेवर नवा वेग छापलेला. सगळ्यात खाली टर्नची पट्टी: टर्न, दिशा, वेग, लक्ष्य, शेरा. प्रत्येक घर किमान सहा मिलिमीटरचं ठेवा. का, ते पुढच्या पायरीत.

४. नुकसान लिहिणं

इथे सगळे घसरतात, म्हणून इथे घाई नको.

बहुतेक नियमांत एका टर्नमधला गोळीबार एकाच वेळी झाला असं धरतात, फासे मात्र एकामागून एक पडतात. 'ग्राफ श्पे'ने आधी फासे टाकले, 'एक्झेटर'चं बी टरेट गेलं, मालकाने लगेच त्यावर फुली मारली. आता 'एक्झेटर'ची पाळी आली की ती दोनच टरेट मोजते. म्हणजे ज्याने आधी फासे उचलले त्याला फुकटचा फायदा, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावरचा ठरीव उपाय असा की आधी तिरकी रेघ मारा आणि टर्न संपला की तिची फुली करा. कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात टर्न संपताना कुणीतरी चहा आणतं, कुणी पुढची चाल लिहायला लागतं आणि दोन-तीन रेघा तशाच राहतात. पुढच्या टर्नला नव्या रेघा पडल्या की जुनी कुठली, नवी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

रेघही नको, फुलीही नको. घरात टर्नचा आकडा लिहा. चौथ्या टर्नला बी टरेट गेलं तर बी च्या घरात ४. नियम एकच: ज्या घरात चालू टर्नचा आकडा आहे ते या टर्नपुरतं शाबूत, त्याहून जुना आकडा असलेलं घर बंद. त्यामुळे चौथ्या टर्नला 'एक्झेटर'चं बी टरेट मारतं, पाचव्या टर्नला नाही. टर्नअखेरीला काही बदलायचं नसतं, म्हणून काही विसरायचंही नसतं. दहाव्या टर्नपासून दोन आकडे लिहावे लागतात, सहा मिलिमीटरची घरं त्यासाठीच.

तुमच्या नियमांत गोळीबार क्रमाने होत असेल आणि नुकसान ताबडतोब लागू होत असेल, तर आकडा तसाच लिहा पण घर लगेच बंद धरा. कुठली पद्धत ते पहिल्या फाशाआधी बोलून घ्या.

वेगाचंही तेच. हलची घरं भरत जाड रेघ ओलांडली तरी वेग त्या क्षणी उतरत नाही. पुढच्या टर्नच्या ओळीत नवा वेग लिहायचा. हलची सगळी घरं संपली तरी मॉडेल हातात घेऊ नका. त्या जहाजाला या टर्नचा गोळीबार करायचा हक्क आहे, आणि त्याच्यावर नेम धरलेल्या दुसऱ्या जहाजाचं अंतर अजून मोजायचं असू शकतं. दोन जहाजं एकाच टर्नला एकमेकांना बुडवू शकतात.

दुरुस्त होऊ शकणारं नुकसान, म्हणजे आग, अडकलेलं सुकाणू, बंद पडलेला फायर कंट्रोल (तोफांचा नेम साधणारी यंत्रणा), यांच्या आकड्याला गोल करा. दुरुस्ती झाली की गोलावर रेघ आणि शेजारी दुरुस्तीचा टर्न. खोडायचं काहीच नाही, खोडरबर त्या खोलीत नसलेलंच बरं. आकडे राहिले की वाद मिटतात: आग कितव्या टर्नला लागली, किती टर्न जळली, हे मोजता येतं. रिव्हर प्लेटला एकाच ११ इंची गोळ्याने 'एजॅक्स'ची एक्स आणि वाय ही दोन्ही टरेट बंद पाडली होती. तसं टेबलावर घडलं तर दोन्ही घरांत एकच आकडा दिसेल आणि एका फटक्यात दोन गेली हे लढाईनंतरही वाचता येईल.

लिहिण्याची शिस्त: मारणाऱ्याने बोलायचं, खाणाऱ्याने लिहायचं आणि लिहिताना मोठ्याने परत म्हणायचं. "एक, एक्झेटर, बी टरेट, हल दोन." नंबर आधी, नाव नंतर. मारणाऱ्याने समोरच्याच्या कागदावर स्वतः लिहायचं नाही, कितीही मैत्री असली तरी.

५. मार्कर

जहाजाशेजारी फासा ठेवून नुकसान दाखवू नका. कधी ना कधी कुणीतरी तो उचलून टाकतोच. खेळायचे फासे फेल्ट चिकटवलेल्या स्टीलच्या ताटलीत, बाजूच्या स्टुलावर.

कागदी चिठ्ठ्या पंख्याखाली टिकत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकला पंखा बंद ठेवून कुणी खेळणार नाही. हार्डवेअरच्या दुकानातले एम-एट वॉशर घ्या, १६ मिलिमीटरचे. त्यांना रंग द्या, नाहीतर पावसाळ्यात गंजून फ्लेक्सवर डाग पडतात. त्यावर हवं ते चिकटवा. आगीला नारिंगी-काळा कापूस, धुराच्या पडद्याला करडा, उसळत्या पाण्याला पांढरा. कापूस सुटा ठेवलात तर वाऱ्याने धूर दुसऱ्याच आरमारावर जातो.

पांढरे फवारे गोळीबार जाहीर करताना लक्ष्याशेजारी ठेवा, मारणाऱ्या प्रत्येक जहाजाचा एक. एकाच लक्ष्यावर अनेकांनी मारलं तर नेम बिघडतो, असे नियम बऱ्याच ठिकाणी असतात. कारण खरं आहे, कुणाचा गोळा कुठे पडला ते ओळखू येत नसे, म्हणून पुढे गोळ्यांत वेगवेगळे रंग भरायला लागले. फवारे दिसले की मोजायला सोपं. गोळीबार संपला की सगळे उचला, एकही मागे ठेवू नका.

हे सगळं ठेवायला भांडी बाजारातून मिसळणाचा डबा आणा. सात वाट्या, घट्ट झाकण. मार्करसाठी विकले जाणारे प्लॅस्टिकचे डबे याच्यापुढे फिके आहेत. सात वाट्यांत न मावणारा मार्करचा प्रकार मुळात टेबलावर नकोच.

६. टॉर्पेडो

'एजॅक्स'कडे आठ नळ्या, म्हणून आठ मार्कर, असं करू नका. एका माऱ्याला एक वॉशर, वर दिशेचा बाण आणि अनुक्रमांक. किती सोडले, कुठल्या वेगावर, हे सोडणाऱ्याच्या कागदावर. समोरच्याला आकडा कळत नाही, ते बरंच.

पॅसिफिकमधल्या लढायांत हे फार महत्त्वाचं. जपानी टाइप-९३ टॉर्पेडो ४८ नॉटने सुमारे २०,००० मीटर जाई, म्हणजे साडेतेरा मिनिटं धावे. तुमचा टर्न तीन मिनिटांचा असेल तर तो वॉशर जवळपास पाच टर्न टेबलावर राहणार. तीन विनाशिकांनी मारा केला तर हिशेब तुम्हीच करा. पल्ला संपल्यावर उचलायचा टर्न सोडतानाच शेऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे मेलेले टॉर्पेडो समुद्रात तरंगत राहत नाहीत.

७. मोठी लढाई

३१ मे १९१६ ला, पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईत, ब्रिटिशांची १५१ आणि जर्मनांची ९९ जहाजं होती. तिथे प्रत्येकाला ए-फाइव्ह देणारा माणूस पहिल्या टर्नपलीकडे जात नाही. मोठ्या जहाजाला अर्धं पान, क्रूझरला पाव पान, विनाशिकेला एक ओळ आणि पूर्ण फ्लोटिलाला (विनाशिकांच्या तुकडीला) एक पान. दिशा आणि वेग फ्लोटिलाचा एकच. रांगेतून मागे पडलेल्या विनाशिकेपुरती वेगळी ओळ उघडा. एका खेळाडूच्या पॅडवर तीनपेक्षा जास्त पानं असतील तर अजून एक खेळाडू बोलवा.

८. खेळ अर्धवट राहिला तर

कागद, पॅड, चहा आणि चिवडा कायम बाजूच्या टेबलावर. चिवड्याचे तेलकट हात मेटलच्या मॉडेलला लागले की रंगाची चमक बदलते.

उठण्याआधी टर्न पूर्ण करा, गोळीबाराच्या मध्ये थांबू नका. प्रत्येक जहाजाचा चौकोन, उदाहरणार्थ 'सी-४', आणि दिशा टर्नच्या पट्टीत लिहा. मग खुर्चीवर उभं राहून वरून सरळ एक फोटो, फ्रेममध्ये ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवून, आणि प्रत्येक नोंदीच्या कागदाचा एक. तिरका फोटो निरुपयोगी, त्यावरून अंतर काढता येत नाही. नंतर जहाजं डब्यात घाला, टेबल तसंच मांडून झोपू नका. घरात मांजर असेल तर अजिबातच नाही.