ग्रामसभेत बोलताय? मग ठराव लिहून घ्या

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर, 22 घरांची. पाइपलाइन गावातच संपायची आणि उन्हाळाभर आम्ही विहिरीवरून हंडे वाहायचो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा उठून बोलले. सगळे ‘करू, करू’ म्हणाले. मे महिन्यात चौकशी केली, तर इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, आमच्या वस्तीचं नावही नव्हतं. म्हणून बचत गटातल्या बायकांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

ग्रामपंचायत निवडून आलेल्यांची असते, पण ग्रामसभा मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाची. तिथे तुम्ही पाहुणे नाही, सभासद आहात.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती लागली की विषय कागदावर लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारखेसह पोच घ्या. पोच मागायला लाजू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथेही हाच विषय मांडा. चारचौघांत बोलायची भीड तिथे मोडते. माझी तिथेच मोडली.

कोणी घरी रजिस्टर घेऊन ‘नुसती सही करा’ म्हणालं, तर करू नका. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी आकडा लागतो. तुमची सही त्यात मोजली जाते आणि तुम्ही मात्र घरी. सही सभेत बसूनच करायची.

बोलताना गाऱ्हाणं थोडक्यात, मागणी नेमकी: कुठून कुठपर्यंत पाइप, किती घरं. पाणी आणि स्वच्छतेसाठी वित्त आयोगाचा बंधित निधी असतो, तो याच कामांवर खर्चायचा असतो, हेही सांगा. मग ठराव मांडा. सूचक (ठराव मांडणारा) कोण, अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) कोण, हे मोठ्याने सांगा आणि ‘लिहिलेलं वाचून दाखवा’ म्हणा. नंतरच्या सभेत माझ्या ठरावाला जाऊबाईंनी अनुमोदन दिलं. वाचताना ‘वस्तीचा प्रश्न विचारात घेण्यात आला’ एवढंच निघालं. आम्ही बसून राहिलो. शेवटी ‘पाइपलाइन वाढवण्यास मंजुरी’ असं लिहिलं गेलं, तेव्हाच उठलो.

एवढ्यावर थांबू नका. काम पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यात आलं नाही तर पैसा पडत नाही, आणि आराखड्याला मंजुरीही ग्रामसभाच देते. त्या सभेला हमखास जा. इतिवृत्ताची नक्कल कोणी देईना, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवसांची मुदत.

आमच्या नळाला पाणी यायला ठरावानंतर 14 महिने लागले. तोवरच्या प्रत्येक अर्जावर मी सगळ्यात वर तोच ठराव क्रमांक आणि तारीख लिहीत होते.