विमची माहिती शोधायची ती विममध्येच

विम हा टेक्स्ट एडिटर शिकताना काही अडलं की हात आधी सर्च इंजिनकडे जातो. तिथं सापडलेलं उत्तर बऱ्याचदा निओविमचं, म्हणजे विमपासून निघालेल्या वेगळ्या एडिटरचं निघतं. त्यातल्या ल्युआ या प्रोग्रामिंग भाषेतल्या सेटिंग्ज विमच्या विमआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये चिकटवल्या की एररची रांग लागते. तुमच्या मशीनवर जी आवृत्ती आहे, नेमकं तिचंच मॅन्युअल तिच्याबरोबर येतं. सवय त्याची लावा.

अगदी नवखे असाल तर टर्मिनलमध्ये ‘विमट्यूटर’ चालवा. काम साधारण अर्ध्या तासाचं. धड्याची प्रतच उघडते, त्यामुळे बिनधास्त खोडाखोड करा. नुसता वाचून काढलात तर हाती काही लागत नाही.

मग हेल्प. कोलन देऊन ‘हेल्प’ लिहा, एंटर दाबा. रंगीत शब्दावर कर्सर नेऊन कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला की त्या विषयाचं पान उघडतं; कंट्रोल-ओ परत आणतो.

नवे लोक अडकतात ते विषयाच्या नावापाशी. कीबोर्डवरची एकच की प्रत्येक मोडमध्ये (कमांड देण्याचा नॉर्मल, मजकूर टाइप करण्याचा इन्सर्ट वगैरे) वेगळं काम करते आणि मॅन्युअल त्या प्रत्येक कामाला स्वतंत्र नाव देतं. ‘एक्स’ हेच घ्या. ‘हेल्प’पुढे नुसता एक्स लिहिलात तर अक्षर खोडणारी नॉर्मल मोडची कमांड मिळते. एक्सच्या आधी कोलन लावलात तर सेव्ह करून बाहेर पडणारी. कंट्रोल-एक्स विचारलंत तर आकडा एकने कमी करणारी. त्याच कंट्रोल-एक्सच्या आधी ‘आय’ आणि अंडरस्कोर जोडलात तर इन्सर्ट मोडमधलं शब्दपूर्तीचं पान. सेटिंगचं नाव मात्र एकेरी अवतरणचिन्हांत द्यायचं. नाव अर्धवटच आठवत असेल तर जेवढं आठवतं तेवढं लिहून कंट्रोल-डी दाबा, जुळणारी सगळी नावं समोर येतात.

नावच ठाऊक नसेल तर ‘हेल्पग्रेप’ सगळ्या पानांचा मजकूर धुंडाळतं. ते लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतं, म्हणून शोधशब्दाला बॅकस्लॅश-सी जोडा. निकालांची यादी ‘सीओपन’ने दिसते.

डेबियन-उबुंटूवर हेल्प उघडलीच नाही तर बहुधा फक्त ‘विम-टायनी’ हे विमचं छोटं पॅकेज असतं. त्यात मॅन्युअल नसतं. ‘विम’ हे पॅकेज इन्स्टॉल करा.

थोडी पार्श्वभूमीही कामाची आहे. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास व्हीआय हा विमचा पूर्वज एडिटर लिहिला. ब्रॅम मूलेनार यांनी विम 1991 मध्ये प्रसिद्ध केला. मूळ व्हीआयमध्ये ‘यू’ दुसऱ्यांदा दाबला की आधीचं अनडूच रद्द व्हायचं, विम मात्र एकेक पायरी मागे जातो. जुन्या पुस्तकातलं आणि स्क्रीनवरचं जुळेना, तर ‘व्हीआय-डिफरन्सेस’ हे पान बघा.

मॅन्युअल म्हणतं टॅबस्टॉप (टॅबची रुंदी) 8 आणि तुमच्याकडे दिसतात 4? ‘व्हर्बोज सेट टॅबस्टॉप’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह द्या. ती किंमत शेवटची कोणत्या फाइलने बदलली, ते विम सांगतो. बहुतेक वेळा एखादं प्लगइन निघतं.