सुताराकडून फर्निचर करून घ्यायचंय? आधी हे ठरवा, मग फोटो दाखवा

फर्निचर करून घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी मोबाईलवर फोटो गोळा करतात आणि तेच सुतारापुढे धरून "असं पाहिजे" म्हणतात. आता फोटोत रंग दिसतो, आकार दिसतो, पण फळी किती जाड आहे, मागे काय ठोकलंय, ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो की अर्ध्यातच अडतो, यातलं काहीच कळत नाही. आणि जे तुम्ही सांगितलेलं नसतं ते सुतार त्याच्या सवयीने करतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याला काहीतरी धरून काम पुढे न्यावंच लागतं. मग नंतर कुरकुर करण्यात अर्थ नाही, या सगळ्या रिकाम्या जागा काम सुरू व्हायच्या आधीच भरायच्या.

सुरुवात मापांपासून करा, पण भिंतीच्या नाही, आत काय ठेवणार त्याच्या मापांपासून. कपाटात हँगर लावायचे असतील तर हँगर साधारण ४५ सेमी रुंद असतो, वर कपड्यांचे खांदे जरा बाहेर येतात, म्हणून कपाटाची खोली ६० सेमीच्या आसपास धरतात आणि सरकते दरवाजे हवे असतील तर अजून थोडी जास्त, कारण दोन दरवाजे एकापुढे एक सरकणार. पलंग करताना गादी आधी घ्या आणि टेप लावून स्वतः मोजा, लेबलवरच्या मापावर जाऊ नका. जेवायच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेमी, खुर्चीची बैठक ४५, मध्ये ३० सेमी राहतात ते मांड्यांसाठी. इथे एक गंमत होते, टेबलाच्या वरच्या फळीखाली जी आडवी पट्टी असते ती जास्त रुंद ठेवली की हेच अंतर कमी होतं आणि सुंदर टेबलाला गुडघे आपटत बसतात. माणशी रुंदी कमीत कमी ६० सेमी धरा, म्हणजे कोपर कोपराला लागत नाही.

भिंतीचं माप मात्र खाली, मध्ये आणि वर असं तिन्ही ठिकाणी घ्या, भिंती दिसतात तेवढ्या सरळ नसतात. स्विचबोर्ड, खालची स्कर्टिंग, खिडकीचं पान कुठे उघडतं, हे सगळं कागदावर काढा. आणि एक गोष्ट हमखास राहते ती म्हणजे कपाट उभं कसं करणार! २४० सेमी उंच आणि ६० सेमी खोल कपाट आडवं आत आणलं आणि उभं करायला गेलात तर त्याचा तिरका कोपरा जवळजवळ २४७ सेमीपर्यंत जातो. छत २४५ वर असेल तर कागदावर माप बसतंय पण प्रत्यक्षात कपाट उभंच राहणार नाही. मग एकतर दोन भागात करायला सांगा नाहीतर जागेवरच जोडायला सांगा. जिना, लिफ्ट, दरवाजाची चौकट हेही मोजून ठेवा.

लाकडाचं नाव काय यापेक्षा ते किती सुकलंय हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरातल्या फर्निचरला साधारण ८ ते १२ टक्के ओलावा ठीक असतो, ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, सुताराकडे असेल तर तुमच्यासमोर लावायला सांगा. ओलं लाकूड वापरलं की काही महिन्यात सांधे उघडतात, फळी वाकते, आणि मग पॉलिश कितीही भारी असो. सुकलेलं लाकूडसुद्धा हवेप्रमाणे थोडं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाहीच पण रुंदीत नक्की. म्हणून भरीव लाकडाची रुंद फळी खालच्या चौकटीला ग्लूने पक्की चिकटवायची नसते, स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवायची म्हणजे फळीला हलायला जागा मिळते. हे विचारा, उत्तरावरून सुतार किती जाणता आहे ते लगेच कळतं. तसंच पॉलिश वरून आणि खालून दोन्हीकडून, खालची बाजू कोरी सोडली की ती जास्त ओलावा ओढते आणि फळी पन्हळीसारखी होते. गाभ्याबाहेरचा फिकट भाग कमीत कमी वापरायला सांगा, किडीला तो आवडतो.

सगळंच भरीव लाकडात करायचा हट्ट नको. मोठ्या कपाटाला प्लाय जास्त शहाणपणाचा, तो आकसत फुगत नाही म्हटलं तरी चालेल. बॉडीला १८ मिमी, पाठीला ६ मिमी, आणि पाठ खाचेत बसवलेली हवी, नुसती मागून खिळे मारून नाही, कारण कपाट तिरकं होऊ न देण्याचं काम तीच पाठ करते. पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या, कडेत स्क्रू नीट धरत नाही, बिजागरी उखडायला लागते ती तिथूनच.

पुस्तकांचं शेल्फ करणार असाल तर इथे जरा थांबा. फळी किती लवते हे लांबीवर भयंकर अवलंबून असतं, शेल्फ पूर्ण भरलेलं धरलं तर लांबी दुप्पट केल्यावर लवणं सोळा पट होतं आणि जाडी दुप्पट केली तर आठ पट कमी होतं. म्हणजे १८ मिमीच्या फळीवर जड पुस्तकं ठेवायची तर ७५ सेमीच्या पुढे जाऊच नका, लांब हवंच असेल तर मध्ये उभी फळी टाका किंवा पुढच्या कडेला खालून जाड पट्टी लावा. पट्टी स्वस्तात काम करते आणि दिसायलाही बरी.

बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या), हँडल हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवून सुताराच्या हातात द्या. नेहमीच्या बाजूच्या चॅनेलला ड्रॉवरच्या दोन्ही अंगाला साधारण १३ मिमी जागा लागते, त्यामुळे ड्रॉवर त्याच हिशोबाने अरुंद करावा लागतो, नंतर चॅनेल बदललं तर ड्रॉवर नव्याने बनवावा लागू शकतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर येणारे हवेत हे तोंडाने सांगून सोडू नका, लिहा.

पॉलिशचं सॅम्पल त्याच लाकडाच्या तुकड्यावर मागा आणि तो तुकडा घरी आणून दिवसा आणि रात्रीच्या लाईटमध्ये बघा, रंग वेगळाच दिसतो. लाखेचं पॉलिश देखणं असतं पण गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, जेवणाच्या टेबलाला ते नकोच. पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश टणक, पण ओरखडा पडला तर तेवढ्यापुरतं दुरुस्त करणं अवघड. तेलाचं फिनिश तुम्ही स्वतः घरी परत लावू शकता, फक्त मधूनमधून लावावं लागतं. आणि हो, जवस तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवायच्या.

मग हे सगळं एका कागदावर: मापं, लाकूड किंवा प्लायचा प्रकार आणि जाडी, हार्डवेअर, पॉलिश, कधी देणार, वाहतूक कोणाकडे. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता वस्तू घरात बसल्यावर. सगळ्यात महत्त्वाची भेट पॉलिशच्या आधीची, कच्चं फर्निचर बघायला जायलाच हवं, कारण तेव्हा बदल करणं सोपं असतं. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. ड्रॉवर उघडझाप करा, सांध्यात पुट्टी भरून फट लपवलीय का ते हात फिरवून बघा. त्यावेळी भिडेखातर "छान झालंय" म्हणून परत येऊ नका, सुतारालाही तेव्हाच सांगितलेलं परवडतं.

काम संपल्यावर उरलेलं थोडं पॉलिश, लॅमिनेटचा एखादा तुकडा आणि एक-दोन जादा बिजागऱ्या मागून ठेवा, तोच शेड नंतर मिळेल याची खात्री नसते.