शाळेच्या खेळांचा इतिहास लिहायचाय? आधी डेडस्टॉक रजिस्टर मागा

शाळेची पंचाहत्तरी आली की स्मरणिका निघते आणि खेळाच्या पानावर एकच ओळ छापून येते : ‘शाळेला उज्ज्वल क्रीडापरंपरा आहे.’ कराड तालुक्यात ३१ वर्षं क्रीडाशिक्षक म्हणून काढली, तरी ही ओळ वाचली की अजून जीव तळमळतो. कोण खेळलं, कुठल्या साली, कुणाशी? ते लिहा ना!

सुरुवात ट्रॉफ्यांच्या कपाटापासून करू नका. ट्रॉफीवर स्पर्धेचं नाव असतं, पोरांची नसतात. ऑफिसातून डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, मागून घ्या. आमच्याकडे त्यात एक ओळ सापडली : ‘मल्लखांब, सागवानी, नग १’. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच ओळीवर लाल शाईने ‘निर्लेखित’, म्हणजे नोंदीतून काढून टाकलेला. खेळ शाळेत कधी आला आणि कधी गेला, दोन्ही तारखा एका ओळीत मिळाल्या.

मग आवक-जावक, म्हणजे आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नोंदी. तालुक्याच्या स्पर्धांना पाठवलेल्या प्रवेशिकांच्या नकला कधीकधी तिथल्याच फायलींना टाचलेल्या असतात, आणि त्यावर बाराच्या बारा नावं असतात, राखीव खेळाडूंसकट. राखीव गाळू नका. वर्षभर सरावाला तीही पोरं पहाटे साडेपाचला मैदानावर यायची.

प्रत्येक नाव जनरल रजिस्टरशी, म्हणजे मुलांच्या दाखल्यांच्या नोंदवहीशी, ताडून बघा. दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख. गावात सगळेच सांगतात, ‘तो आपल्याच शाळेचा.’ सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, मग दादरच्या शारदाश्रमात आला. अभिमान दोन्ही शाळांना असावा, पण १९८८ च्या हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेतली तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी शारदाश्रमाचीच. आणि त्याच सामन्यात विनोद कांबळीने नाबाद ३४९ नंतर ३७ धावांत ६ बळीही घेतले, हे आज सांगता येतं ते कुणीतरी गुणलेखन नीट केलं म्हणून. खो-खोची गुणपत्रिका मिळाली तर तिला तितकंच जपा. कोण किती मिनिटं पळालं, किती गडी टिपले, सगळं तिच्यात असतं.

आमच्या भागात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव निघाल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. ते कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. कुस्तीत १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. अशी व्यक्ती शाळेत होऊन गेली असेल तर जरूर लिहा, मात्र सगळी पानं तिलाच देऊ नका. शाळेची परंपरा तालुक्याला हरलेल्या पोरांनीही चालवलेली असते.

कागद संपले की माणसांकडे जा, आणि उशीर करू नका. एका शाळेत रंगरंगोटीच्या वेळी जुन्या फायली रद्दीत गेल्या, मी दोन दिवस उशिरा पोचलो. माणसांचंही तेच होतं.

जुन्या खेळाडूला घरी बसवून ‘आठवणी सांगा’ म्हणू नका, मैदानावर न्या. आमच्या मुलींच्या खो-खो संघातल्या एक आजी घरात म्हणत होत्या, ‘काय आठवतंय आता, सर.’ मैदानावर आल्या, चप्पल काढली, कडुनिंबापासून पावलं मोजत गेल्या आणि थांबल्या : ‘खांब इथं होता. सूर मारला की कोपर इथं खरचटायचं.’ बाही वर करून वण दाखवला. मग एकेक नाव आपोआप यायला लागलं, माहेरच्या आडनावांसकट. मुलींची माहेरची आणि सासरची, दोन्ही आडनावं लिहा, नाहीतर पुढे त्यांचा शोध लागत नाही.

खो-खोच्या पाटीत, म्हणजे बसायच्या जागी, नेमकं कोण बसायचं हे विचारा. अनवाणी की कॅनव्हासचे बूट, एसटीने की ट्रॉलीतून, डबा कुणाचा खाल्ला, हेही विचारा. सनावर दोघांचं एकमत नसेल तर कागदाचं साल धरा. कागदच नसेल तर ‘बारावीची पहिली बॅच निघाली त्या सुमारास’ असंच लिहा, अंदाजाने आकडा ठोकून देऊ नका.

शेवटी प्रत्येक खेळाडूला त्याच्या पानाची झेरॉक्स नेऊन द्या. चुका तिथेच कळतात. आजींनी आमच्या यादीत दोन नावं वाढवली.