मातीचं क्षेत्रकार्य समस्येतून शिकवताय? या चुका टाळा

इंदूरच्या आसपास काळ्या मातीत विद्यार्थ्यांना नेता, तेव्हा घोळ शेतात होत नाही; तो आदल्या आठवड्यात, प्रश्न लिहितानाच होऊन बसलेला असतो.

‘या शेतातील लोहाची कमतरता अभ्यासा’ ही समस्या नव्हे. इथे उत्तर आधीच फुटलंय. त्यापेक्षा शेतकऱ्याची तक्रार जशीच्या तशी हातात द्या: सोयाबीन खालच्या बांधाकडेच पिवळं पडतंय, वरचं हिरवंगार. आता पोरं पानं उलटसुलट करून बघतात. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर संशय लोहावर. जुनी पानं आधी पिवळी पडली, तर नत्रावर. पिवळ्या मोझॅकचा विषाणूही रांगेत उभाच असतो. मग कोणीतरी खालच्या मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतं आणि फेस येतो. चुनखडी आणि साचलेलं पाणी एकत्र आलं, की मातीत लोह असूनही पिकाला ते मिळत नाही. वरच्या मातीचीही हीच चाचणी करायला लावा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

अंदाज वहीत लिहिल्याशिवाय कोणालाही मातीचे थर बघायला खणलेल्या खड्ड्यात उतरू देऊ नका. ‘काय दिसलं तर आमचा अंदाज चुकला?’ हेही सोबत लिहून घ्या. नंतर सगळेच म्हणतात, ‘सर, आम्हाला वाटलंच होतं.’

खड्ड्याची भिंत फावड्याने गुळगुळीत करणं ही हमखास होणारी चूक. ही माती फुगते, आकसते. आत ढेकळं एकमेकांवर घासून तिरपे, चकाकणारे पृष्ठभाग तयार होतात. फावडं तेच पुसून टाकतं. सुरीच्या टोकाने ढेकूळ उचकटून काढा. रंग मन्सेल चार्टवर, म्हणजे मातीच्या रंगांच्या प्रमाण तक्त्यावर, उन्हात बघा, आणि माती ओली होती की कोरडी, तेही नोंदवा.

मे महिन्यात दुहेरी कड्याने (जमिनीत ठोकलेल्या, एकात एक बसवलेल्या दोन कड्यांत पाणी भरून) पाणी मुरण्याचा वेग मोजायला जाऊ नका. पाणी भेगांतून धडाधड खाली जातं आणि पोरं लिहितात, ‘निचरा उत्तम’! भर पावसात ऑगर, म्हणजे मातीचा नमुना काढायचं गिरमिट, चिखलात रुततो. वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाल्यावरच जा.

आणखी एक इंदुरी आजार. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या संस्थेत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली, म्हणून प्रत्येक समस्येवर पोरांचं उत्तर ‘कंपोस्ट घाला’. अशा वेळी ‘कशावरून?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ते गप्प बसणंच आपल्याला जड जातं.

गुण देताना चुकलेला पण पुराव्याने खोडलेला अंदाज बरोबर उत्तराइतकाच धरा, आणि हे निघण्यापूर्वीच सांगा.